चिझितालियाला ‘हौशी श्रीमंताचा खेळ’ म्हणणे अन्यायाचे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत इटलीतील स्पोर्ट्स कारच्या इतिहासावर सुरू असलेली लेखमाला मी पहिल्या भागापासून नेमाने वाचत आहे. मराठी वृत्तपत्रांत या विषयाला एवढी जागा क्वचितच मिळते, म्हणून लेखकाचे आणि आपले मनापासून आभार. गेल्या भागात मात्र ‘चिझितालिया’ या तुरिनच्या कंपनीची बोळवण अवघ्या तीन ओळींत झाली आणि त्या तीन ओळींतही दोन गोष्टी खटकल्या. ही कंपनी गाड्यांची अंगे घडवणाऱ्या पिनिन फारिना यांची होती असे लेखात म्हटले आहे, ते साफ चूक आहे. शिवाय तिचे वर्णन ‘एका हौशी श्रीमंताचा फसलेला खेळ’ असे केले आहे. पहिली चूक तपशिलाची आहे, ती एका ओळीत दुरुस्त होईल. दुसरी चूक निवाड्याची आहे, आणि तिच्यासाठी मला जरा सविस्तर लिहावे लागत आहे.

कंपनी स्थापन केली ती पिएरो दुझिओ यांनी. १८९९ साली जन्मलेले दुझिओ तरुणपणी तुरिनच्या युव्हेंटस संघाकडून फुटबॉल खेळत. गुडघ्याच्या दुखापतीने खेळ सुटला तेव्हा ते कापडाच्या व्यापारात शिरले, तिथे त्यांनी पैसा कमावला, लष्कराला माल पुरवला, सायकलींचा कारखाना चालवला आणि १९४१ ते १९४७ या काळात ज्या संघातून खेळले त्याच युव्हेंटसचे अध्यक्षपदही सांभाळले. युद्धापूर्वी ते स्वतः मोटारींच्या शर्यतींत भाग घेत. कंपनीचे नाव ‘कोम्पान्यिया इंदुस्त्रियाले स्पोर्तिव्हा इतालिया’ या लांबलचक नावातील अक्षरे जुळवून केलेले आहे. हा माणूस श्रीमंत होता आणि त्याला शर्यतींचे वेड होते, यात वाद नाही. पण ज्याला नुसती हौस भागवायची असते तो तयार गाडी विकत घेतो. दुझिओंनी युद्ध संपायच्या आतच एक नेमका प्रश्न स्वतःपुढे मांडला होता. लढाई थांबली की शर्यती पुन्हा सुरू होणार, पण पोलाद, रबर, पेट्रोल, पैसा यांपैकी काहीच मुबलक नसलेल्या देशात त्या शर्यतींना पुरतील इतक्या गाड्या कोण आणि कशातून बनवणार?

या प्रश्नाचे उत्तर काढण्यासाठी त्यांनी फियाटचे अभियंते दान्ते जाकोझा यांना गाठले. फियाटची चिमुकली ‘तोपोलिनो’ ज्यांच्या हातची, तेच हे जाकोझा. फियाटची नोकरी सांभाळून, कामावरून सुटल्यावरच्या वेळात त्यांनी दुझिओंसाठी एका एकआसनी शर्यतगाडीचा आराखडा केला. तीच ‘डी४६’. सांगाडा बारीक पोलादी नळ्या त्रिकोणी जाळीसारख्या जोडून केलेला होता. ज्या कारखान्यात सायकलीची चौकट डाख देऊन जोडली जाते, तिथल्या कारागिरांना नळ्यांचे हे काम परके नव्हते. इंजिन, गिअरबॉक्स, चाकांची जोडणी असे बाकीचे जवळजवळ सगळे सामान फियाटच्या रोजच्या वापरातल्या गाड्यांचे. गाडीचे वजन ४०० किलोच्या आत राहिले, आणि ११०० सीसीच्या त्या साध्या इंजिनाला थोडी धार लावून त्यातून ६० ते ७० अश्वशक्ती काढता आली. युद्धानंतर एखाद्याच शर्यतगाडीवर वर्षभर जीव टाकणारे अनेक होते. एकाच धर्तीच्या गाड्यांचा ताफा उभा करायचा, आणि तोही गावच्या गॅरेजमध्ये मिळणाऱ्या सुट्या भागांतून, हा विचार मात्र दुझिओ आणि जाकोझा यांनीच त्या टंचाईत करून दाखवला.

इथे त्या इंजिनाबद्दल थोडे लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण आपल्यापैकी हजारो वाचक त्या इंजिनाच्या मागे बसून फिरलेले आहेत. फियाट ११०० चे हे इंजिन १९३७ सालचे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, चार सिलिंडर मिळून १०८९ सीसी. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून बाहेर पडलेल्या, आपण ज्यांना लाडाने ‘डुक्कर फियाट’ म्हणायचो त्या गाड्यांत हेच माप होते, आणि पुढे प्रीमिअर पद्मिनीतही तेच राहिले. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी कित्येक वर्षे याच घराण्यातली होती. मी उमेदवारीच्या काळात माटुंग्याच्या एका गॅरेजमध्ये काम शिकलो, तेव्हा आठवड्याला दोन-तीन पद्मिनींची इंजिने उतरवावी लागत. हेड काढले की चार तोंडे उघडी पडत. उस्ताद काही न बोलता सिलिंडरच्या वरच्या काठाला आतून नख लावून पाहत आणि झिजेची पायरी नखाला किती अडते त्यावरून बोअर करायचे, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करायचा, की नुसत्या रिंगा बदलून भागेल ते ठरवत. व्यासाचे मापन नंतर होई, आणि ते बहुतेक वेळा नखाशी जुळे. दान्ते जाकोझा हे नाव त्या गॅरेजात कोणालाही ठाऊक नव्हते. मलाही ते पुष्कळ वर्षांनी कळले. पण ज्या इंजिनावर आम्ही हात काळे केले त्याच मापाच्या इंजिनावर इटलीचे नामवंत शर्यतचालक तात्सिओ नुवोलारी यांनी इटलीची सर्वांत मोठी रस्ताशर्यत जवळपास जिंकली होती, हे वाचले तेव्हा मी काही क्षण पुस्तक मिटून बसलो होतो.

३ सप्टेंबर १९४६ रोजी तुरिनच्या व्हालेन्तीनो उद्यानात झालेल्या ‘कोप्पा ब्रेत्सी’ या शर्यतीत डी४६ पहिल्यांदा उतरल्या, त्याही एकदम सात. चालकांमध्ये नुवोलारी होते आणि खुद्द दुझिओही होते. त्या दिवशी नुवोलारींच्या गाडीचे स्टिअरिंगचे चाक भर वेगात दांड्यावरून निखळून हातात आले. त्यांनी एका हातात ते सुटे चाक धरले, दुसऱ्या हाताने उघडा दांडा पकडून गाडी वळवली आणि तशीच ती पिटपर्यंत, म्हणजे शर्यतीतल्या दुरुस्तीच्या थांब्यापर्यंत, आणली. त्या क्षणाचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. शर्यत जिंकली ती दुझिओंनी. पहिल्याच दिवशी स्वतःच्या कारखान्याची गाडी स्वतः चालवून पहिले येणाऱ्या माणसाला हौशी म्हणायचे असेल तर त्या शब्दाचा मान तरी ठेवावा.

जाकोझा यांच्यानंतर अभियांत्रिकीची धुरा जोव्हान्नी सावोनुत्सी यांच्याकडे आली आणि कंपनी रस्त्यावर चालवायच्या दोनआसनी गाडीकडे, म्हणजे ‘२०२’ कडे वळली. १९४७ च्या जूनमध्ये युद्धानंतरची पहिली ‘मिले मिलिया’ झाली; वर म्हटलेली इटलीची सर्वांत मोठी रस्ताशर्यत ती हीच. ब्रेशियातून निघून रोमला वळसा घालून पुन्हा ब्रेशियात परतायचे, अंतर सुमारे १८०० किलोमीटर, रस्ते युद्धाने उखडलेले. नुवोलारी तेव्हा ५४ वर्षांचे होते. वर्षानुवर्षे धूर गिळून फुप्फुसे खराब झालेली, आणि दोन मुलांपैकी दुसराही मुलगा आदल्याच वर्षी गेलेला. अशा माणसाला ११०० सीसीची उघडी गाडी मिळाली होती, तर समोर क्लेमेन्ते बिओन्देत्ती यांच्याकडे २.९ लिटरची आठ सिलिंडरची आल्फा रोमिओ होती. नुवोलारी बराच काळ सर्वांच्या पुढे होते. तुरिनकडून ब्रेशियाकडे येणाऱ्या अखेरच्या टप्प्यात धो धो पाऊस कोसळला, उघड्या गाडीत पाणी साचले, ठिणगीच्या यंत्रणेत पाणी शिरून इंजिन बंद पडले आणि ते पुन्हा सुरू होईपर्यंत आल्फा निघून गेली. बिओन्देत्ती सुमारे सोळा मिनिटांनी जिंकले. नुवोलारी दुसरे आले, आणि तिसऱ्या व चौथ्या क्रमांकावरही चिझितालियाच होत्या.

जुलैच्या पावसात हिंदमाता चौकात गुडघाभर पाण्यात अडकलेली पद्मिनी ज्याने सुरू केली आहे त्याला हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. बॉनेट उघडायचे, डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आतून कोरड्या फडक्याने पुसायची, प्लगच्या वायरी एकेक करून कोरड्या करायच्या, देवाचे नाव घेऊन चावी फिरवायची. आमच्याकडे त्यासाठी वेळेची घाई नसे. नुवोलारींकडे मिनिटांचा हिशेब होता आणि त्या मिनिटांतच शर्यत गेली. आपल्याहून अडीचपट मोठ्या इंजिनाला एवढ्या लांब पल्ल्यात गाठणाऱ्या गाडीला ‘खेळ’ म्हणताना लेखकाने मिले मिलियाचा हा निकाल पाहिला असता तर बरे झाले असते.

आता पिनिन फारिना यांच्याविषयी. २०२ ची कूपे, म्हणजे पक्क्या छपराची बंद गाडी, तुरिनच्या त्यांच्या कारखान्यात घडली, त्यामुळे गोंधळ समजण्यासारखा आहे. गाडीची मूळ मांडणी सावोनुत्सी यांची, तिला अंतिम रूप देऊन पत्रा चढवण्याचे काम पिनिन फारिना यांचे, आणि मालकी दुझिओ यांची, असा तो तिहेरी संबंध आहे. युद्धापूर्वीच्या गाड्यांकडे पाहिले तर पुढचा नाकाडा वेगळा, मडगार्ड वेगळे, दिवे वर बसवलेले, पायरी खाली जोडलेली, असे अनेक तुकडे एकमेकांना चिकटवलेले दिसतात. २०२ मध्ये हे तुकडे नाहीसे झाले. बॉनेट दोन्ही बाजूंच्या मडगार्डांच्या पातळीखाली उतरले, दिवे मडगार्डातच सामावले, बाजूची रेषा पुढच्या चाकावरून निघून दारावरून मागच्या चाकापर्यंत न तुटता गेली. हे सगळे ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर हातोडीने ठोकून घडवलेले आहे. पत्र्याचे काम ज्याने केले आहे त्याला ठाऊक असते की सपाट भाग घडवायला सोपा आणि दोन दिशांनी वळणारा भाग घडवायला सर्वांत अवघड. ठोका जास्त बसला की पत्रा ताणला जातो आणि त्या जागी तो कधीच पुन्हा गप्प बसत नाही. २०२ च्या अंगावर सपाट भाग शोधूनच काढावा लागतो.

१९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’ने आठ मोटारींचे प्रदर्शन मांडले. रचनाकलेच्या दृष्टीने मोटारीकडे पाहणारे कलासंग्रहालयातले ते पहिलेवहिले प्रदर्शन मानले जाते. आर्थर ड्रेक्सलर यांनी निवडलेल्या त्या आठांमध्ये मर्सिडीज, बेंटली, कॉर्ड, लिंकन, एमजी अशा नामांकित गाड्यांबरोबर अमेरिकी लष्कराची जीप होती आणि चिझितालियाची २०२ होती. पुढे १९७२ मध्ये संग्रहालयाने २०२ कायमच्या संग्रहात घेतली. ज्या गाड्यांची एकूण संख्या १७० च्या आसपास भरते, त्यांतल्या एकीला हे स्थान मिळाले. आज रस्त्यावर दिसणाऱ्या कोणत्याही गाडीचे मडगार्ड वेगळे काढून दाखवता येत नाही, ती एका कवचासारखी दिसते. ही वाट एकट्या २०२ ने उघडली असे मी म्हणणार नाही, पण ती इतक्या नितळपणे कोणी दाखवली असे विचारले तर उत्तरात तिचे नाव टाळता येत नाही.

मग कंपनी का बुडाली? लेखकाने हा प्रश्न विचारला असता तर ‘फसला’ हा शब्द मी निमूटपणे मान्य केला असता, कारण ती बुडाली हे खरेच आहे. एक कारण किमतीचे. हाताने ठोकलेले अंग आणि आत फियाटचे छोटे इंजिन, अशी ही गाडी अमेरिकेत जग्वारच्या ३.४ लिटरच्या एक्सके१२० पेक्षाही बरीच महाग पडे. दिसायला ती अप्रतिम होती, पण तेवढ्या पैशांत दुसरीकडे तिप्पट मोठे इंजिन मिळत होते. तरीही एवढ्यावर ती तगली असती असे मला वाटते. तिचा घात केला तो ‘३६०’ या ग्रां प्री गाडीने.

दुझिओंना छोट्या शर्यतींतले यश पुरेना. त्यांना सर्वोच्च वर्गात, म्हणजे ग्रां प्री शर्यतींत, उतरायचे होते. मोटारींचे विख्यात अभियंते फर्डिनांड पोर्शे तेव्हा फ्रान्सच्या कैदेत होते आणि त्यांचा मुलगा फेरी ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड या गावी, लाकडाच्या जुन्या वखारीत, उरलेल्या माणसांना घेऊन रचनाकार्यालय चालवत होता. व्हिएन्नात जन्मलेले कार्लो आबार्थ यांच्या मध्यस्थीने १९४७ मध्ये दुझिओंनी या कार्यालयाशी करार केला. त्या कामाचे पैसे पोर्शे यांच्या सुटकेसाठी भराव्या लागलेल्या दहा लाख फ्रँकच्या रकमेला उपयोगी पडले, असे सांगितले जाते. गाडी काय होती हे आजही वाचताना थक्क व्हायला होते: दीड लिटरचे, आडव्या बारा सिलिंडरचे, सुपरचार्जर (जादा हवा दाबून भरणारे यंत्र) लावलेले इंजिन चालकाच्या मागे, आणि हवे तेव्हा पुढची चाकेही जुंपता येतील अशी चौचाकी ओढ. त्या काळात इंजिन पुढे ठेवण्याची रीत होती आणि ती मोडायला ग्रां प्रीच्या जगाला आणखी दहा-बारा वर्षे लागली.

इथे मी दुझिओंचा बचाव करणार नाही. ज्या रीतीने ते जिंकले होते तीच त्यांनी इथे टाकून दिली. डी४६ च्या वेळी त्यांच्याकडे हाताशी असलेले सुटे भाग होते, आणि त्या भागांची नस ओळखणारा अभियंता होता. ३६० मध्ये कशाचीच बेरीज आधी झालेली नव्हती. प्रत्येक दात्याचे चाक, प्रत्येक पोकळ दांडा नव्याने काढायचा, नव्याने ओतायचा आणि नव्याने कापायचा. असे काम वर्षानुवर्षे पैसे गिळते आणि विकायला काहीच देत नाही. त्याच पैशात २०२ ला थोडे मोठे इंजिन देता आले असते, किंमत खाली आणता आली असती, विक्रीची व्यवस्था बांधता आली असती. १९४९ च्या सुरुवातीला कंपनीवर न्यायालयीन देखरेख आली. ३६० जवळजवळ तयार होती, पण ती ग्रां प्रीच्या रांगेत कधीच उभी राहिली नाही.

दुझिओंनी अर्जेंटिनाचे अध्यक्ष हुआन पेरॉन यांच्या आश्रयाने तिकडे नवा मोटार उद्योग उभारायचा घाट घातला आणि ३६० तिकडे नेली. १९५३ मध्ये ब्युनोस आयर्स इथे क्लेमार बुच्ची यांनी तिच्यावर तिथल्या वेगाच्या विक्रमाची एक धाव केली, एवढीच तिची कमाई. पुढे ती पोर्शे कंपनीने मिळवली आणि आता ती त्यांच्या संग्रहात आहे. तुरिनमधली चिझितालिया दुझिओंच्या मुलाच्या हाताखाली फियाटच्या सुट्या भागांवर छोट्या गाड्या करत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रेटत राहिली. त्या काळाबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. दुझिओ १९७५ मध्ये ब्युनोस आयर्सलाच वारले.

कार्लो आबार्थ यांच्याबद्दल मात्र लिहायलाच हवे. चिझितालियाचा शर्यत विभाग त्यांच्याकडे होता. कंपनी कोसळली तेव्हा त्यांनी तिच्या शर्यतगाड्या आणि सुटे भाग घेतले आणि ३१ मार्च १९४९ रोजी स्वतःची कंपनी काढली. तिच्या चिन्हावरचा विंचू लेखमालेच्या दुसऱ्या भागात आपण मोठ्या छायाचित्रासह छापला होता, पण तो कोणाच्या घरातून निघाला हे त्या भागात आले नाही. फियाटचे साधे इंजिन घेऊन त्याला धार लावायची, ही आबार्थ यांची आयुष्यभराची पद्धत तीच आहे जी १९४६ मध्ये दुझिओंच्या कारखान्यात रुजली होती. आणि नुवोलारी यांची शेवटची शर्यत, म्हणजे १० एप्रिल १९५० रोजी पालेर्मोजवळच्या मोन्ते पेल्लेग्रिनो डोंगरावरची चढाई, आबार्थ यांनी नव्या नावाने उतरवलेल्या मूळच्या चिझितालिया २०४ वरच झाली. वयाच्या ५७ व्या वर्षी, प्रकृती पार ढासळलेली असताना, नुवोलारी त्या दिवशी आपल्या वर्गात पहिले आणि एकूण क्रमवारीत पाचवे आले. याच्याही ओळीभर उल्लेखाला लेखमालेत जागा असायला हवी होती.

लेखमालेचे आणखी काही भाग यायचे आहेत असे आपण जाहीर केले आहे. त्यांपैकी एखाद्या भागात चिझितालियाचे संस्थापक पिएरो दुझिओ होते ही दुरुस्ती छापावी, आणि जमल्यास १९४७ च्या मिले मिलियाचा निकाल त्यासोबत द्यावा, एवढी विनंती आहे. ‘हौशी श्रीमंताचा खेळ’ हे शब्द मागे घ्यायचे की नाही, ते तो निकाल वाचून लेखकाने स्वतःच ठरवावे.

कळावे, लोभ असावा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त यंत्र अभियंता,
चिंचवड, पुणे